वखारीतला गणपती आणि राखीव बॅटरी

स्वातंत्र्य मिळून दोन पावसाळे झाले होते. आमच्या सिग्नलच्या तुकडीला पुराच्या ड्यूटीवर सांगलीला पाठवलं. शहराबाहेर कृष्णेच्या काठी हळदीची एक रिकामी वखार होती. तिथं आमचा वायरलेस सेट बसवला. मी लान्स नायक, सेटचा ऑपरेटर आणि त्या पोस्टचा इनचार्ज. माझ्या हाताखाली शिपाई सिद्राम, जत तालुक्यातला. बॅटऱ्यांची देखभाल त्याच्याकडे होती. वरच्या अंगाला आमची दुसरी पोस्ट होती. तिथून पाण्याची खबर यायची आणि मी ती घाटावर बोटी चालवणाऱ्या सुभेदारसाहेबांना कळवायची.

चौकशीच्या कागदांत सिद्रामच्या मृत्यूला त्याचाच हलगर्जीपणा कारण म्हणून लिहिला आहे. ते खोटं आहे. मी गप्प बसलो म्हणून ते खरं ठरलं. माझ्या माघारी ते दुरुस्त करणारं कोणी उरणार नाही.

सेट बॅटरीवर चालायचा. बॅटऱ्या दोन. एक सेटवर, दुसरी भरलेली राखीव. चार्जिंगचं इंजिन तळावर होतं. तळाचा ट्रक भरलेली बॅटरी आणून देई आणि उतरलेली घेऊन जाई.

गणपती आले. आम्ही वखारीत दीड दिवसाची लहान मूर्ती बसवली. मखर रंगीत कागदाचं, तेही मीच केलेलं. वखारीला वीज नव्हती. कागदाजवळ समया ठेवायची भीती वाटली. मी रजेवरून येताना साताऱ्याच्या बाजारातून टॉर्चचे बल्ब आणले होते. टेलिफोनच्या जुन्या तारेवर ते चार-चार करून जोडले, त्यांना पतंगाचा लाल-हिरवा कागद गुंडाळला आणि माळ राखीव बॅटरीला लावली.

सिद्राम म्हणाला, "उस्ताद, ही बॅटरी सेटची हाय. देवाला तेल चालतंय की."

"ट्रक येतोय उद्या. भरून आणू. तू मोदकांचं बघ."

माळ पेटली. पिवळ्या पडलेल्या भिंतींवर लाल-हिरवा उजेड पसरला. आजूबाजूच्या वस्तीतली माणसं बघायला आली. एक म्हातारी दारातच थांबली.

"आवं, खांब न्हाई, तार न्हाई. लाईट आली कुठनं?"

"आज्जे, उंदरावर लादून आणलीया," सिद्राम म्हणाला. "म्हणून तर उंदीर दमून बसलाय बघ."

सगळे हसले. म्हातारीनं आधी गणपतीला आणि मग माझ्याकडे बघून हात जोडले. मला ते लय आवडलं होतं, हे आज लिहायला जड जातं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं. पण नदी चढली आणि सुभेदारसाहेबांनी पाण्याजवळ जायला मनाई केली. मूर्ती मखरातच राहिली. ट्रक आला नाही, रस्ता पाण्याखाली गेला होता. सिद्रामनं बॅटरी किती भरलेली आहे ते मोजायला हायड्रोमीटर लावला आणि माझ्याकडे आला.

"उतरत चाललीया, उस्ताद. माळ काढतो."

"देव बसलाय तोवर त्याच्यापुढचा दिवा आपल्या हातानं मालवायचा नसतो. कुठल्या घरात मालवतात?"

"ह्यो बल्ब हाय."

"देवापुढं लावला की दिवाच. राहू दे."

माझ्या घरी हीच रीत होती. त्याच्याही घरी होती. त्यामुळे तो वाद घालू शकला नाही. शिवाय तो हुकूम होता. माळ पेटलेलीच राहिली.

पुढच्या सकाळी पलीकडच्या टेकाडावर काही मजूर कुटुंबं अडकल्याची खबर आली. ती कानडी बोलणारी होती आणि बैल सोडून यायला तयार नव्हती. सुभेदारसाहेबांनी कानडी येणारा माणूस मागितला. सिद्राम निघाला. त्याला पोहता येत नव्हतं. त्याच्या गावाकडे पोहण्याएवढं पाणीच नव्हतं.

"नीट बस बोटीत. हिरोगिरी नको," मी म्हणालो.

"बैलाला समजवायचंय, उस्ताद. तुमाला समजवण्यापरीस सोपं हाय."

पहिल्या खेपेत बायका आणि पोरं आली. दुसऱ्या खेपेत म्हातारी माणसं आली. दोन्ही वेळा सिद्राम काठावर उतरून परत बोटीत बसला. सेट सकाळपासून सतत चालू होता. त्याची बॅटरी उतरली. मी मखरामागून राखीव बॅटरी काढून सेटला जोडली. बल्ब त्याआधीच विझले होते.

वरच्या पोस्टचा आवाज आला. "मेसेज फॉर यू. अर्जंट."

"सेंड. ओव्हर."

"पाणी..."

पुढे काही नाही. सेट मेला. मी टर्मिनल घासली, वायरी काढून पुन्हा जोडल्या. बॅटरीत काही उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी तेच करत राहिलो. मग घाटाकडे पळालो. सिद्रामला घेऊन तिसऱ्या खेपेला निघालेली बोट मधोमध पोचली होती. मी काठावरून ओरडलो. वरून लोंढा आला. बोट आडवी झाली. दोघे नावाडी पोहत काठाला लागले.

निरोप काय होता ते मला नंतर कळलं: बोटी रोखा.

सिद्राम दोन दिवसांनी सापडला. तोवर मी माळ उतरवून पोत्यात कोंबली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे मला विचारलं, "राखीव बॅटरी कोणाच्या ताब्यात होती?"

"शिपाई सिद्रामच्या, साहेब."

"ती भरलेली आहे असं त्यानं सांगितलं होतं?"

"होय, साहेब."

दोन्ही उत्तरं खरी होती. ट्रकवरून उतरवली तेव्हा त्यानं तसं सांगितलंच होतं. बल्बांचं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सिद्रामचा थोरला भाऊ सामान न्यायला जतहून आला. पोरगा गेल्याचं आईला अजून सांगितलं नव्हतं. त्यानं मला बाजूला घेतलं.

"आवं सायेब, एक इचारू? लोक म्हणत्यात त्याचीच चूक व्हती. खरं सांगा. आईला काय सांगू?"

"कागदात तसंच आहे," मी म्हणालो.

त्यानं सिद्रामच्या ट्रंकेची कडी लावली. मग म्हणाला, "लहानपणापास्नं धांदरटच व्हता त्यो." हे म्हणताना तो रडत होता. ट्रंक खांद्यावर घेऊन तो गेला. मी त्याला हाक मारली नाही.

आता सिद्रामची आई वारली, भाऊही वारला. त्याच्या घरात पुतणे आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. तुमचा चुलता धांदरट नव्हता. त्यानं मला आधी सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. पहिल्या दोन खेपांत आलेली सगळी माणसं त्यानं समजावली म्हणून बोटीत बसली. तिसऱ्या खेपेला तो राहिलेल्या गड्यांना आणायला निघाला होता.