लूम थांबल्यावर

माझ्या धाकट्या भावाने अख्खी उमर लोकांना घाबरवण्यात घालवली आणि त्याच्या शेवटच्या भुताच्या सिनेमाला लोक पोट धरून हसले. राक्षसाच्या पोशाखाची पाठीवरची चेन पडद्यावर साफ दिसत होती. त्यानंतर कितीतरी वर्षं मुंबईत त्याला कोणी उभं केलं नाही. साठी उलटल्यावर त्याने पुन्हा सिनेमा केला. यात भूत नाही, चेटकीण नाही. एक माणूस कात्री घेऊन एकामागून एक खून करत सुटतो. गोष्ट कुठून उचललेली नाही, माझी स्वतःची आहे, हे तो फोनवर पुन्हापुन्हा सांगायचा. मी म्हणायचे, "बाबा रे, तुला असलं सुचतं आणि लोक मला विचारतात, तुमच्या घरात असं काय होतं म्हणून."

त्या सिनेमात एक जागा अशी होती की सगळे आवाज थांबतात आणि बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. निर्मात्याला ती खुपत होती. इंदूरला दाखवला तेव्हा लोकांनी "आवाज, आवाज" म्हणून शिट्ट्या मारल्या. निर्माता म्हणाला, तिथे संगीत भरू. भाऊ हटून बसला. शेवटी ठरलं, एक खेळ आमच्या बुऱ्हाणपुरात लावायचा. इथेही लोक ओरडले तर संगीत भरायचं आणि भावाने पुन्हा तोंड उघडायचं नाही.

त्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वरणात मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. भाऊ माझ्याकडेच उतरला होता, तो तर ताटावर बसलाच नाही. स्वयंपाकघरातून दारात, दारातून स्वयंपाकघरात.

"ताई, तू नको येऊ," तो म्हणाला.

"का? मी काय शिट्ट्या मारणार आहे का?"

शनवाऱ्याजवळच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ होता. रातपाळी करून आलेले लूमवाले, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, बरेच होते. मला तेवढाच धीर वाटला, कारण ही माणसं आमच्यातलीच.

आम्ही इथल्याच इतवाऱ्यात वाढलो. घराच्या दोन्ही अंगाला लूम. त्या खटखटीमुळे आम्हा दोघांना मोठ्याने बोलायची खोड लागली, ती अजून गेली नाही. शुक्रवारची सुट्टी सोडली तर लूम बंद पडायचे ते दोनच कारणांनी. एक, लाईट गेली तर. दुसरं, गल्लीत कोणी वारलं तर. हिंदूचं असो की मुसलमानाचं, मयत उचलेपर्यंत कोणी लूम चालवत नसे. त्यामुळे शांतता झाली की बायका आधी घरातल्या बल्बकडे बघत.

सिनेमा सुरू झाला. दोन खून झाले, मी मांडीवरची पिशवी चुरगाळत बसले. मग पडद्यावर एक गल्ली आली. दोन्ही बाजूंनी लूमची खटखट. शाळेतून दोन मुली घरी येत होत्या, थोरलीने धाकटीचा हात धरलेला. एकदम खटखट थांबली. धाकटीने विचारलं, लूम का बंद झाले? थोरली म्हणाली, "लाइट गई होगी."

त्यानंतर आवाज नाही. मुली चालतायत, आणि त्यांच्या मागे पानाच्या दुकानात बल्ब पेटलेला.

टॉकीजमध्ये कोणी ओरडलं नाही. खुर्चीसुद्धा वाजली नाही. माझ्या मागच्या रांगेतला एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "कौन गया?"

मला बसवेना. लोकांचे पाय तुडवत मी बाहेर आले. ते माझं वाक्य होतं. आमची आई गेली त्या दुपारी, गल्लीच्या तोंडाशी, मी ते भावाला म्हणाले होते. पानवाल्याच्या दुकानात बल्ब पेटलेला होता. तो मी पाहिला आणि भावाला पुढे ओढलं. आई आजारी होती, मला कळून चुकलं होतं. याला घर येईपर्यंत तरी कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तो फसला, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

भाऊ बाहेर पोर्चमध्येच होता, भिंतीला कान लावून. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"लोक ओरडले?"

"कोणी नाही ओरडलं. तुझी जागा तशीच राहील."

तो पायरीवर बसला. मीही बसले. मला दम धरवेना.

"तुला तो बल्ब दिसला होता?"

"दिसला होता ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तो हळू आवाजात बोलला. "तुझा हात कापत होता, ताई. मी म्हटलं, मला कळलं नाही असंच हिला वाटू दे."