प्रेक्षक नसलेल्या रोडिओतला एक आवाज

मित्रांनो, दुपारपासून एक आवाज कानातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या लेकीने, सईने, युनिव्हर्सिटीसाठी रोडिओतल्या, म्हणजे उधळत्या बैलावर टिकून बसायच्या खेळातल्या, स्वारांवर छोटी डॉक्युमेंटरी केलीय. आज मला आणि बायकोला घरी हॉलमध्ये दाखवली. शूटिंगच्या वेळी कोविडमुळे रोडिओत प्रेक्षकांना बंदी होती, त्यामुळे बैलाचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. "मी लांब, स्टँडमध्ये होते," असं ती आम्हाला सांगत आली होती.

इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखत मी इथे परदेशात स्वतःचं गॅरेज उभं केलं. माझे कान सहसा फसत नाहीत. फिल्ममध्ये स्वार पडला, उठला, धावत कुंपणावर चढला. मग कॅमेरा जमिनीकडे कलला आणि कुणीतरी जीव तोडून ओरडलं, "गेट अप! रन!"

स्वार तर कुंपणावर होता.

"सई, हे कोणाला?"

"मला," ती हळूच म्हणाली. बायकोचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

शनिवारी ती पुन्हा शूटिंगला जातेय. मी म्हणालो, "मीही येतो."

"बाबा, तू ओरडशील. साऊंड खराब होईल."

ओरडणार नाही, असं कबूल केलंय. पण खरं सांगा, लेक रिंगणात आणि बैल मोकळा सुटलेला असताना तोंड मिटून उभं राहता येईल तुम्हाला?