इंजिनाचं अजून ठरायचंय

निर्णय घेण्यासाठी माणसं कष्ट करतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण निर्णय न घेण्यासाठी इतके कष्ट करणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक होता. नव्वदीच्या दशकात हुबळीच्या विद्यानगरात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू म्हणून राहायला गेलो, तेव्हा पुढच्या भिंतीवर वेगवेगळ्या रंगांचे चार पट्टे ओढलेले होते. त्यातला कुठला शोभतो ते बघून मग सगळं घर रंगवायचं होतं. काही वर्षांनी मी तिथून निघालो तेव्हाही पट्टे तिथेच होते, फक्त उन्हाने विटून चारी एकसारखे दिसायला लागले होते, आणि मालक काळजीने म्हणत होते, "आता निवडणं आणखीनच अवघड झालं की हो." भाडं वाढवावं की वाढवू नये हाही प्रश्न त्यांच्यापुढे कायम असे, आणि त्या प्रश्नाने माझा संसार सुखाचा केला.

त्यांची नोकरी सरकारी कचेरीतली. तिथे हा गुण अंगी असणाऱ्याला कोणी वेडं समजत नाही, त्यामुळे ते सन्मानाने निवृत्त झाले. हॉटेलात गेलं की चुरमुऱ्यांचं गिरमिट घ्यावं की मिरची-भजी घ्यावीत हे ठरेपर्यंत ते पोऱ्याला "आधी त्या टेबलाचं बघून ये जा" म्हणून पिटाळत. तो दोन-तीनदा येऊन जाई आणि शेवटी स्वतःच्या मनाने काहीतरी आणून आदळी. मालक ते अगदी आवडीने खात. माणूस मूर्ख नव्हता. प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू त्यांना पहिलीइतकीच लख्ख दिसायची, एवढंच त्यांचं दुखणं. मिस्त्री, गवंडी, भाजीवाली यांच्याशी कन्नडमध्ये बोलताना ते मोठ्या रुबाबात असत. घरात येऊन मराठीत डळमळत.

पण त्यांच्या सगळ्या भिजत घोंगड्यांत मानाचं घोंगडं म्हणजे त्यांची जीप. त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, ती सरकारी लिलावात घेतली होती. दुर्गदबैलाच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि आसपासच्या गावांच्या आठवडी बाजारांना अप्पा जीपमधून कापडाचे गठ्ठे नेत. अप्पा गेले आणि दोघा भावांची वाटणी झाली. दुकान आणि त्याच्या मागचं घर थोरल्यांकडे, विद्यानगरातलं घर आमच्या मालकांकडे. भांडीकुंडी, खाटा, तिजोरी, सगळं वाटून झालं. जीप मात्र वाटता येईना. दोन-दोन चाकं घ्या आणि मिटवा, असं एक पंच वैतागून म्हणाल्याचं काकू, म्हणजे आमच्या मालकीणबाई, सांगत. शेवटी ती दोघांत सामाईक राहिली. त्या वाटणीत नको ते शब्द निघाले होते. थोरल्यांनी धाकट्याच्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही अशी शपथ घेतली, आणि आमच्या मालकांनी दुकानाची पायरी चढणार नाही अशी घेतली. एवढीच एक बाब त्यांनी आयुष्यात चटकन ठरवली असावी, आणि तीही भलती. जीप उभी होती ती आमच्या मालकांच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेडला उंबरठा नसतो, ही गोष्ट काही महिन्यांनी थोरल्यांच्या लक्षात आली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी थोरले दुर्गदबैलातून रिक्षा करून येत आणि थेट शेडमध्ये जाऊन तिथल्या स्टुलावर बसत. आमचे मालक बॉनेट उघडून ठेवत. इंजिन म्हातारं झालं होतं. सुरू केलं की निळा धूर गल्लीभर पसरायचा, पेट्रोलच्या बरोबरीने ते ऑइल प्यायचं, आणि धारवाडकडे जाताना उणकलच्या पुढे जरा चढ लागला की सायकलवाले शेजारून निघून जाताना दयेने बघायचे. गाडीच्या मिस्त्रीने उपाय दोनच सांगितले होते. एक तर इंजिन उतरवून, बोअर करून, पिस्टन-रिंगा नव्या घालून पुरतं बांधून घ्या. नाहीतर भंगारात निघालेल्या एखाद्या जीपचं चालू इंजिन आणून बसवा. खर्च दोन्हींत असा की तेवढ्यात दुसरी जुनी जीप येईल. तेव्हा स्वस्तात काय पडेल हा प्रश्न खरोखरच विचार करण्याजोगा होता, आणि दोघा भावांनी त्यावर विचार करायला सुरुवात केली.

थोरले म्हणत, बांधून घ्यायचं. अप्पांनी ज्याच्यावर गावोगावचे बाजार केले ते इंजिन आपल्या डोळ्यांदेखतचं, त्याला कुठं काय दुखतं ते आपल्याला ठाऊक. भंगारातलं कुणाचं, कुठल्या अपघातातलं, देव जाणे. शिवाय कागदांवरचा नंबर बदलायला कचेरीत खेटे घाला. मालक म्हणत, बदलायचं. जुनं एकदा उघडलं की आतून काय काय निघेल याचा नेम नाही. चालू इंजिन निदान आवाज ऐकून तरी घेता येतं. मिस्त्री दोघांनाही "हौद्री, हौद्री" म्हणजे होय-होय म्हणे आणि चहा पिऊन जाई. गंमत म्हणजे सगळ्या जगासमोर डळमळणारे आमचे मालक इथे मात्र खांबासारखे ठाम असत. ते डळमळले असते तर वाद संपला असता, आणि वाद संपला असता तर दोघांना एकमेकांशी बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं. हे कळायला मला बरेच रविवार लागले.

कारण इंजिनाशिवाय एक शब्दही ते बोलत नसत. घरची बातमी सांगायची तर तीसुद्धा इंजिनातूनच जायची. थोरल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते रेडिएटरकडे बघत म्हणाले, "वैशाखात जीप लागेल. पोरीचं आहे." मालक म्हणाले, "मग त्याआधी काय ते ठरवायला हवं." एवढ्यावर आमंत्रण झालं, स्वीकारलं गेलं, आणि मालकांनी आत येऊन काकूंना साडी आणायला पाठवलं. थोरल्यांचा गुडघा धरला तेव्हा क्लच किती जड झालाय यावर अर्धा तास बोलणं झालं, आणि संध्याकाळी मालकांनी रिक्षावाल्याच्या हाती गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली पाठवली. खंडेनवमीला जीपची पूजा व्हायची, कोहळा फुटायचा, चाकांखाली लिंबं ठेवली जायची. ऐन वेळी जीप सुरू व्हायची नाही. मग धोतर सावरत थोरले आणि लुंगी खोचत धाकटे, दोघं मिळून मागून ढकलत आणि लिंबांवरून ती पुढे नेत. त्या दिवशी दोघंही फार खूश असायचे.

आणि मग एका गुरुवारी मिस्त्री मालकांकडे धावत आला. एका कोर्टाच्या भांडणात सापडून वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली जीप सुटी करून विकायला निघाली होती. इंजिन जवळजवळ न वापरलेलं, आणि किंमत बांधून घेण्याच्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी. गदगचा एक जण सोमवारी येऊन उचलणार होता, त्याआधी होय म्हणायचं. मिस्त्रीने ही खबर दुर्गदबैलातही पोचवली. आता थोरल्यांकडे बोलायला मुद्दा म्हणून राहिला नव्हता, त्यामुळे मी मालकांचं अभिनंदन केलं. ते कसंनुसं हसले आणि जेवायलाच बसले नाहीत. नळावर पाणी भरताना काकूंनी मला थांबवलं.

"तुम्ही काय शहाण्यासारखं अभिनंदन करताय? हे ठरलं की संपलं बघा. भाऊजी कशाला येतील परत या दारात?"

मला खरोखरच वाईट वाटलं. जगात चांगलं, स्वस्त इंजिन मिळाल्याबद्दल एखाद्या घरात इतकं सुतक मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी थोरले नेहमीपेक्षा लवकर आले. मी मुद्दाम अंगणात वर्तमानपत्र घेऊन बसलो. शेडमधून बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मग मालक म्हणाले, "अण्णा, मी विचार केला. तुझंच बरोबर आहे. अप्पांचं इंजिन आहे ते, बांधूनच घेऊ."

थोरले स्टुलावरून उठलेच. "आता? मी रात्रभर मनाची तयारी करून आलोय, बाळू. तू म्हणतोस तसंच करू या. बदलू या."

"नको. तुझं मन मोडून मला इंजिन नको."

"आणि तुझं मोडून मला कशाला हवंय?"

पुढे जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दुपार होईपर्यंत दोघं कडाकडा भांडले, पण जागा बदलून. थोरले भंगारातल्या इंजिनाची बाजू अशी मांडू लागले की भंगारवाल्यालाही सुचली नसती, आणि मालक जुन्या इंजिनासाठी अप्पांच्या शपथा घालू लागले. आपली माघार मागे घ्यायला दोघांपैकी एकही तयार नव्हता. काकूंनी चहा पुन्हा पाठवला, मग पोहे पाठवले. सोमवारी ते इंजिन गदगला गेलं. त्या दिवशी मालक दोन वेळा पोटभर जेवले. दोघांनी हे प्रेमापोटी केलं की पक्क्या हिशेबाने, हे मला अजून उलगडलेलं नाही, आणि त्यांनाही उलगडलं असेल असं वाटत नाही. पुढची कित्येक वर्षं थोरले बदलायच्या बाजूने आणि धाकटे बांधायच्या बाजूने तितक्याच जोमाने भांडत राहिले.

मग नवं शतक लागलं. मी उणकलच्या नव्या वसाहतीत स्वतःचं छोटंसं घर घेतलं. थोरल्यांनी दुकान बंद केलं आणि त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. शेडमध्ये जीपवर धूळ बसली, पण रविवार चुकला नाही. आता सकाळी पुण्याहून फोन यायचा. जन्मभर दुकानात गिऱ्हाइकांना हाका मारलेला तो आवाज, मालकांना रिसिव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागे आणि खोलीतल्या सगळ्यांना संभाषण आयतंच ऐकू येई.

अशाच एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंनी चहा देताना हळूच सांगितलं की भाऊजींचं आताशा सगळं विसरायला होतंय, परवा मुलालाच नाव विचारलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाळू, इंजिनाचं ठरलं काय रे?"

"नाही की अजून, अण्णा."

मग तोच आवाज, पण कुणा परक्याकडे पत्ता विचारल्यासारखा बारीक झालेला. "त्यात माझं काय म्हणणं होतं रे?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नजर वळवली. "तुझं म्हणणं, बांधून घ्यायचं. अप्पांचं इंजिन आहे, त्याला घराबाहेर काढायचं नाही. तू पहिल्यापासून तेच सांगतोयस."

"आणि तुझं?"

"माझं आपलं बदलायचं."

"अरे खुळ्या," पलीकडचा आवाज एकदम दुकानाएवढा झाला, "बदलून काय होतंय? भंगारातलं ते कुणाचं, काय, कुठं आपटलेलं..." आणि मग ते सगळं आलं, अप्पा, गावोगावचे बाजार, कचेरीतले खेटे, एकही मुद्दा न गाळता. मधेच ते अडखळले की मालक एखादी बारीकशी शंका काढत आणि गाडी पुन्हा चालू लागे. मला तिथे बसवेना आणि उठवतही नव्हतं. चहा तसाच निवला. फोन ठेवून मालकांनी डोळे पुसले आणि अगदी समाधानाने मला म्हणाले, "अजून पटत नाही बघा त्याला."