येण्याचे कारण

बहरीनमध्ये, सलमाबादला असलेल्या आमच्या गोदामाच्या फाटकावर एक जाड नोंदवही असते. आत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने तीत नाव, वेळ आणि शेवटच्या रकान्यात येण्याचे कारण लिहायचे. सुट्टीच्या दिवशी आलो तर आम्ही कर्मचारीही त्यातून सुटत नाही. पानांवर छापील क्रमांक असतात. दर रविवारी सकाळी, आठवडा सुरू होताना, मागच्या आठवड्याची पाने वाचून प्रत्येक पानाखाली सही करणे हे प्रशासन अधिकारी म्हणून माझे काम होते. एकवीस वर्षे मी ते केले. 'वाचून' हा शब्द सवयीने लिहिला गेला. प्रत्यक्षात मी फक्त सही करीत असे.

कर्नलसाहेब आमच्याकडे सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून आले तेव्हा या वहीला प्रथमच कोणी गंभीरपणे घेतले. ते निवृत्त लष्करी अधिकारी. त्यांच्या देशाचे नाव लिहिण्याची गरज नाही. तेथे लष्कराचे राज्य आहे, एवढे पुरे. पांढऱ्या मिशा, इस्त्रीची घडी मोडू न देता बसण्याची कला आणि रखवालदारांनाही 'आपण' म्हणावे असा स्वभाव. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नियम घालून दिले. चुकले तर एकच आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. गिरवागिरवी करायची नाही. पान तर कधीच फाडायचे नाही. एका नेपाळी रखवालदाराने कोणाला फोन नंबर देण्यासाठी पानाचा कोपरा फाडला होता. तो कोपरा त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून शोधून आणवला आणि परत चिकटवून घेतला.

मी ही हकीकत झिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना रंगवून सांगितली. "ज्यांच्या सैन्याने देशाची घटना फाडली, ते गृहस्थ रजिस्टरच्या कोपऱ्यासाठी कचरा उपसतात!"

माझी पत्नी सातारा जिल्ह्यातली, सुभेदाराची मुलगी. ती हसली नाही. "फाडलेलं जवळून पाहिलंय ना त्यांनी," ती म्हणाली, "म्हणून जपत असतील."

एका शुक्रवारी मी चष्मा ऑफिसात विसरलो म्हणून गोदामावर गेलो. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ. रखवालदाराच्या खोलीत कर्नलसाहेबांसह पाच वृद्ध गृहस्थ बसलेले. सगळ्यांच्या दाढ्या गुळगुळीत, बूट चकचकीत. सगळे एकाच देशाच्या सैन्यदलांतून निवृत्त झालेले आणि मुलाबाळांकडे किंवा नोकरीनिमित्त बहरीनला आलेले. कर्नलसाहेबांनी माझी ओळख करून दिली आणि लपवाछपवी न करता सांगितले, की आपल्या देशातील लष्करी राजवट संपावी, सैन्याने छावणीत परतावे, तुरुंगात टाकलेल्यांना सोडावे, असे एक निवेदन त्यांनी तयार केले आहे. त्यावर सह्या करून ते मोबाइलपुढे वाचून दाखवायचे आहे. एकत्र बसायला दुसरी शांत जागा मिळाली नाही.

मी चष्मा शोधून परत येईपर्यंत वाद पेटला होता. त्यांच्या देशात भाषा अनेक; अधिकारी आपसात इंग्रजीतच बोलत, म्हणून मला सारे कळले.

"मसुदा मी लिहिला आहे," त्यांच्यातले मेजर म्हणत होते, "तेव्हा पहिली सही माझी."

"ब्रिगेडियर समोर बसलेला असताना?" बुसैतीनला मुलाकडे राहणारे ब्रिगेडियर खरोखरच दुखावले होते.

"सर, पहिली सही ज्याची, त्याला पहिली अटक."

"मग तर प्रश्नच मिटला. अटकसुद्धा ज्येष्ठतेनुसारच व्हायला हवी."

अखेर ब्रिगेडियरनी पहिली सही केली आणि बाकीच्यांनी हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने. लष्करी राजवटीचा निषेध इतक्या लष्करी शिस्तीत झालेला मी पाहिला, याची मला मोठी गंमत वाटली. मोबाइलपुढेही ते उंचीप्रमाणे उभे राहिले. त्यांच्यातल्या विंग कमांडरांनी मध्येच कॉलर नीट केली म्हणून पुन्हा वाचायचे ठरले. पण दुसऱ्या वेळीही त्यांनी ती नीट केलीच. घरी जाताना गाडीत मी मनाशी एक वाक्य जुळवले: निवृत्तिवेतन सुरू झाले की विवेक कामावर रुजू होतो. वाक्य मला आवडले. तो आठवडाभर मी ते दोन-तीन ठिकाणी वापरलेही.

निघताना नोंदवहीत लिहायला मी थांबलो नव्हतो. "साब, मैं लिखता हूँ," तो कोपरा फाडणारा नेपाळी रखवालदार म्हणाला होता.

रविवारी वही सहीसाठी आली तेव्हा केवळ कुतूहलाने मी शुक्रवारचे पान उघडले. क्रमांक एकशे बारा. ब्रिगेडियर, हुद्द्यासह. येण्याचे कारण, कर्नलसाहेबांच्या टपोऱ्या अक्षरात: 'आमच्या देशातील लष्करी राजवटीविरुद्धच्या निवेदनावर सही करणे.' त्याखाली तीन नावे आणि प्रत्येकापुढे 'वरीलप्रमाणे'ची खूण. पाचवे नाव स्वतः कर्नलसाहेबांचे, कारण पुन्हा तेच. आणि सहावे नाव माझे. रखवालदाराच्या हस्ताक्षरात. कारणाच्या रकान्यात वरचीच खूण, त्याने सवयीने खाली ओढलेली.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ज्या चष्म्यासाठी गेलो होतो, त्याच चष्म्यातून मला दिसत होते, की मी एका परक्या देशाच्या लष्करी राजवटीविरुद्ध उठाव केला आहे.

त्याच वेळी योग्य ते करणे किती सोपे होते! माझ्या ओळीतील खुणेवर एक आडवी रेघ, बाजूला सही आणि 'चष्मा नेणे' हे दोन शब्द. नियमच होता तसा. पण मग वरच्या पाच ओळी तशाच राहिल्या असत्या आणि त्यांच्याखाली त्या वाचल्याची माझी सही. परक्या मुलखात राहून राजकारणाचा वारा लागू द्यायचा नाही, हे आम्ही येथे व्हिसाबरोबरच घेऊन येतो. मी कर्नलसाहेबांना बोलावले.

"कारणाच्या रकान्यात 'पर्सनल' लिहिलं असतं तरी चाललं असतं," मी हळूच म्हणालो.

"ते पर्सनल नव्हतं," ते म्हणाले. "मी कॅप्टन असताना आमच्याकडे पहिल्यांदा सैन्याने सत्ता घेतली. पहाटे मी रेडिओ केंद्राच्या फाटकावर होतो. गेटची वही माझ्याकडे होती. जनरल घोषणेचा कागद घेऊन आत गेले. मी त्यांचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. येण्याचं कारण काय लिहिलं असेल?"

"सरकारी काम?" मी विचारले.

"देखभाल." ते किंचित हसले. "ती देखभाल अजून चालू आहे. मी तीस वर्षं त्याच सैन्यात नोकरी केली, बढत्या घेतल्या. आता निवृत्त झाल्यावर बोलतोय, म्हणून लोक हसतात. हसू देत. पण या वेळी रकान्यात खरं लिहिणार आहे."

मी मान डोलावली. आपले म्हणणे पटले असे समोरच्याला वाटावे अशा रीतीने मान डोलावणे मला चांगले जमते. ते गेल्यावर मी दार लावले, पोलादी पट्टी शिवणीलगत ठेवली आणि पान एकशे बारा अलगद, सरळ रेषेत कापून घेतले. हे त्यांच्या भल्यासाठी आहे, असे मी स्वतःला सांगितले. व्यवस्थापनाने वाचले तर त्यांचा व्हिसा जाईल आणि मायदेशी परतले तर विमानतळावरच धरले जातील. हे सारे खरेच होते. फक्त विचारांच्या क्रमात ते दुसरे आले होते. ब्रिगेडियरांना हा ज्येष्ठतेचा प्रश्न लगेच कळला असता.

पान फेकण्याचे धैर्य मात्र झाले नाही. ते मी माझ्याच रजेच्या अर्जांच्या फाइलमध्ये ठेवले, कारण ती फाइल माझ्याशिवाय कोणी उघडत नसे.

निवेदनाचा व्हिडिओ पसरला. त्यांच्या देशातील सरकारने पाचही जणांना देशद्रोही ठरवून परतताच अटक करण्याचे जाहीर केले. आमच्या ऑफिसात मात्र कोणी चकार शब्द काढला नाही, आणि माझी दूरदृष्टी फळाला आली असे मी समजलो.

काही आठवड्यांनी विमा कंपनीचा तपासनीस आला. तो दर तिमाहीला येऊन फाटकावरच्या वहीचे क्रमांक पाहतो. विम्याच्या अटीच तशा आहेत. एकशे अकरानंतर एकशे तेरा.

जनरल मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावले. ते पुण्याचे, माझ्याशी मराठीत बोलत आणि चिडले की अधिकच शुद्ध मराठीत. "शुक्रवारी ड्यूटीवर कोण होता? तो रखवालदार ना? परतीचं तिकीट काढा त्याचं." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही दर रविवारी सह्या करता. हे पान पाहिल्याचं आठवतं तुम्हाला?"

कर्नलसाहेब वहीची शिवण बोटाने चाचपत होते. त्यांना मराठी येत नव्हते; पण माझ्याकडे त्यांनी ज्या वेळी पाहिले ती वेळ अचूक होती.

"त्या आठवड्याचं नीट आठवत नाही, सर," मी म्हणालो.

हीच माझी 'देखभाल'. माझ्या फाटकातून कोणताही जनरल गेला नव्हता. पाढा म्हणण्याइतके सोपे एक सत्य तेवढे त्या फाटकाशी अडले होते.

कर्नलसाहेब इंग्रजीत म्हणाले, "रखवालदाराचा दोष नाही. वही माझ्या ताब्यात होती. पान गेलं त्याची जबाबदारी माझी. तसं लिहून देतो." त्यांनी तेथेच उभ्या उभ्या लिहून दिले, तारीख घातली, आणि बाहेर गेले.

मी मागे रेंगाळलो. खात्री करून घ्यायची होती. "सर, त्यांच्या त्या निवेदनामुळे तर काही..."

"कुठलं निवेदन? ते मोबाइलवरचं?" साहेब मोकळेपणी हसले. "अहो, मी पाहिलं की! बायकोलाही दाखवलं. तो एक जण मध्येच कॉलर नीट करतो, मस्त! रिटायर्ड माणसं आहेत, बोलू द्या. त्याचं आपल्याला काय? पण पान, पान कसं जातं हो? विम्याचं कसं निस्तरायचं आता? त्यांनी लिहून दिलंय म्हटल्यावर त्यांनाच काढावं लागणार."

ज्या गोष्टीपासून मी त्यांना वाचवले होते, तिच्यापासून त्यांना धोकाच नव्हता. मी वाचवले, त्यातूनच त्यांची नोकरी गेली.

बाहेरच्या बोळात कर्नलसाहेब थांबले होते. "इतकी सरळ कापलेली कड," ते शांतपणे म्हणाले, "या आवारात एकाच माणसाला जमेल." आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच, "राहू द्या. तुम्ही अजून नोकरीत आहात. मला ठाऊक आहे ते कसं असतं."

शिवी दिली असती तर बरे झाले असते.

नोकरी संपल्यावर येथे राहायला त्यांना महिना होता. त्यात मुलीच्या देशाचा व्हिसा मिळाला तर तिकडे, नाहीतर मायदेशी, म्हणजे तुरुंगात. ते बुसैतीनला ब्रिगेडियरांकडे राहायला गेले. मी तो महिना मोजत होतो. एकदा पत्नीसह भेटायला गेलो. तिने शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या नेल्या होत्या. त्यांनी दोन्हीची तोंडभरून स्तुती केली. पानाचा विषय निघाला नाही. परतताना पुलावर मी तिला सारे सांगितले.

ती समुद्राकडे पाहत होती. "मग उद्या जाऊन सांगा साहेबांना."

"आता सांगून काय होणार? त्यांच्या जागी नवा माणूस आला. माझी मात्र नोकरी..."

"अहो, कळलं," ती म्हणाली. "निवृत्त झालात की सांगाल."

मुलीकडचा व्हिसा मुदतीच्या तीन दिवस आधी आला. तो आला नसता तर मी बोललो असतो का, या प्रश्नाला मी अनेकदा 'हो' असे उत्तर दिले आहे. पण ते ज्या घाईने देतो, तिच्यावर माझा विश्वास नाही. कर्नलसाहेब आता एका थंड देशात असतात. मधून मधून त्यांचा संदेश येतो: 'बर्फ फार. पहारा देण्यासारखे काही नाही.'

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. हिशेब पूर्ण झाला, निरोपाचा केक कापला गेला, परतीचे तिकीट हातात आले. त्यानंतर, आणि त्यानंतरच, मी रजेच्या फाइलमधले ते पान काढून पाकिटात घातले आणि सलमाबादला गेलो. निवृत्तिवेतन आणि विवेक यांच्याविषयीचे माझे जुने वाक्य वाटेत आठवले. ते आता तितके चुरचुरीत वाटले नाही.

माझे ओळखपत्र जमा झालेले. मी आता पाहुणा होतो. फाटकावर तोच नेपाळी रखवालदार होता. कर्नलसाहेबांनी जबाबदारी घेतली म्हणून त्याची नोकरी राहिली होती. हे त्याला ठाऊक नसावे. त्याने आनंदाने सलाम केला आणि पेन उचलले. "साब, मैं लिखता हूँ."

"नको," मी म्हणालो, "आज मी लिहितो."

नाव लिहिले. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबले.

"पर्सनल लिख दो ना, साब. आजकल सब वही लिखते हैं."

मी लिहिले: 'पान क्रमांक एकशे बारा मी कापले होते. ते परत करण्यासाठी आणि त्यावरील माझ्या नावापुढची खूण चुकीची आहे हे सांगण्यासाठी. इतर पाच नावांपुढचे कारण खरे आहे.' अक्षरे रकान्यात मावेनात; ओळ समासातून पुढे गेली.

रखवालदाराने वही आपल्याकडे फिरवली, बोट ठेवून वाचू लागला आणि मध्येच थांबला. माझ्या चेहऱ्याकडे त्याने पाहिले नाही. वेळेच्या रकान्याकडे बोट दाखवले.

"साब, टाइम बाकी है."

मी घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि आत गेलो.