आर्डिसबाईंचा दरसालचा अर्ज

आमच्या शेरीफ कचेरीत कागद मागायला आलेल्या माणसाला ‘कशाला हवेत?’ असं विचारायला बंदी आहे. कायदाच आहे तसा. पोलिसांचे कागद जनतेचे, जनतेनं मागितले की दाखवायचे, कारण विचारायचं नाही. हा कायदा ज्यानं केला त्यानं मला पाहिलेलं नसणार. शेजारणीनं दुकानातून दोन पाव जास्त आणले तर पाहुणे कोण येणार हे कळल्याशिवाय मला घास जात नाही. आणि नशिबानं मलाच, म्हणजे ट्वायला हेगनला, हॅलोरन काउंटीच्या कागदपत्रांच्या खिडकीवर नेऊन बसवलं. पंचवीसेक वर्षं मी तिथं तोंड दाबून काढली.

बाकीच्यांचं मला न विचारताच कळायचं. अपघाताचा कागद मागणारा विमेवाला असतो, नाहीतर वकील. ‘माझ्या नवऱ्याविरुद्धच्या सगळ्या तक्रारी द्या’ म्हणणारी काडीमोडाच्या तयारीत असते. दोन शेजारी एका कुत्र्यापायी एकमेकांच्या तक्रारींच्या नकला नेत राहिले, ते कुत्रं म्हातारपणानं मेलं तरी नेत राहिले. आर्डिस ब्रेकी या एका बाईंचं तेवढं मला उलगडत नव्हतं.

ब्रेकींची गुरं आणि रान नदीकाठी, गावापासून गाडीनं तासभर. वसंतात आमचे कच्चे रस्ते चिखलानं चाकं गिळतात, त्यामुळं मे महिन्यात ते सुकले की आर्डिसबाई यायच्या. चर्चला घालायचा इस्त्रीचा ब्लाउज, पायात मात्र गोठ्यातले बूट, आणि पिकअपमध्ये मागं कुत्रं.

“कोणती फाईल हवी, आर्डिसबाई?” मी मुद्दाम विचारायची.

“तुला ठाऊक आहे कोणती. सोंगं करू नकोस.”

फाईल अगदी पातळ. एप्रिलमध्ये नदीचं बर्फ फुटल्यावर ब्रेकींच्या रानाजवळ सापडलेला अनोळखी पुरुष. वय अंदाजे पस्तीस. बुडून अपघाती मृत्यू. प्रकरण बंद. ही गोष्ट मी नोकरीला लागायच्याही आधीची. बाई भिंतीजवळच्या टेबलाशी बसून, चष्मा लावून, पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचायच्या, जणू गेल्या वर्षभरात त्यात काही नवीन आलं असेल. मग फाईलच्या मागं टाचलेला कागद उलटायच्या. ती फाईल कुणी कुणी मागितली त्यांची नावं त्यावर असतात, आणि तो कागदही कुणालाही बघता येतो.

“कुणी विचारलं का त्याच्याबद्दल?”

“तुम्हीच.”

“बरं,” म्हणून त्या उठायच्या. जाताना माझ्याकडं एक नजर टाकायच्या. “बाहीचा टाका केवढा लांब घातलायस. दोन धुण्यांत उसवेल.” त्या चर्चमधल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मुकादम होत्या आणि अख्ख्या गावाचे टाके त्यांना दिसायचे. कचेरीत आम्हाला कुणाकडून भेटवस्तू घेता येत नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून संध्याकाळी माझ्या गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रुबार्बच्या लाल दांड्या ठेवलेल्या असायच्या. त्यांचं आंबटगोड सारण भरून भाजलेली जाड पोळी मी रविवारपर्यंत पुरवून खायची.

गावाच्या जिभेला हाड नव्हतं. कुणी म्हणे तो बाईंचा जुना यार, कुणी म्हणे नवऱ्यानंच त्याला बर्फाखाली घातला. नवरा लीफ ब्रेकी हे ऐकून होता. एकदा चर्चच्या जेवणावळीत मांसाच्या गोळ्यांवर रस्सा वाढून घेताना तो मला म्हणाला, “वर्षातून एकदा जाते ती त्याला भेटायला. जाऊ दे. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस माझं डोकं खाते, एक दिवस सुटका, तेवढीच त्याची मदत.”

पुढं मर्ल ऑस्टबी शेरीफ झाला. त्याला मी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेलं, त्यामुळं तो शेरीफ झाला तरी मी त्याला अरे-तुरेच करते. एका हिवाळ्यात तो म्हणाला, “ट्वायलाबाई, तळघर रिकामं करायला हवं. तिथं आता फाईली नाहीत, उंदरांचं गाव वसलंय.”

नियम सोपा होता. बंद झालेल्या अपघाती मृत्यूची फाईल कुणीतरी शेवटची मागितल्यापासून दहा वर्षं ठेवायची. तेवढ्यात पुन्हा कुणी मागितली तर दहा वर्षं नव्यानं मोजायची, नाही मागितली तर कागदाचा भुगा करणाऱ्या गाडीत घालायची. मी खोकं खोकं काढत गेले. तो बुडालेला माणूस सापडला त्या वर्षाचं खोकं आलं तेव्हा त्यातलं एकेक प्रकरण मुदत संपलेलं निघालं, बुडालेले, घोड्यावरून पडलेले, विजेनं गेलेले, सगळे. एकच पातळ फाईल बाजूला राहिली. तिच्या मागं नावांचे कागद एकावर एक टाचलेले होते. वर माझ्या काळातली सही, आर्डिस ब्रेकी. खाली माझ्याआधीच्या कारकुनाच्या काळातली, आर्डिस ब्रेकी. पिवळ्या पडलेल्या कागदावर, तरुण, घाईच्या अक्षरात, आर्डिस ब्रेकी.

आणि मला एकदम आठवलं की हा नियम बारीक अक्षरांत छापून त्या भिंतीजवळच्या टेबलावर चिकटवलेला आहे. रोज मी त्याच्यासमोरून जात होते. त्या टेबलाशी बसून तो वाचला होता फक्त त्यांनी.

मी तळघराच्या पायरीवर बसले. वर्षातून एकदा एक बाई चांगला ब्लाउज घालून यायची आणि नाव नसलेल्या एका मेलेल्या माणसाला आणखी दहा वर्षं देऊन जायची, आणि आम्ही सगळे तिला वेडी समजत होतो.

“काय झालं? उंदीर चावला?” मर्ल वरून ओरडला.

“गप्प बस आणि हे बघ.”

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “आमची आजी तर म्हणायची की ह्या बाईंचं आणि त्या माणसाचं...”

“तुझी आजी बरंच काही म्हणायची.”

पुढच्या जेवणावळीत चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी पुसताना मी बाईंना गाठलं. म्हटलं, “इथं ती खिडकी नाही, कायदाही नाही. आता सांगा, कशाला?”

त्यांनी हातातली थाळी पुसून पूर्ण केली. “लीफ फोन करायला घरी गेला, आणि शेरीफचा डेप्युटी येईपर्यंत मी त्या बुडालेल्या माणसाजवळ काठावर बसले. त्याच्यावर घोड्याची घोंगडी घातली. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याचा सदरा बघत बसले. निळा सदरा, आणि बटणं सगळी हिरव्या दोऱ्यानं लावलेली. टाके हे एवढाले. एका बटणाला तीन, दुसऱ्याला नऊ. गाठी वरच्या बाजूनं. ते बायकोचं काम नव्हतं गं. पोराचं होतं. सात-आठ वर्षांच्या.”

मी पुढची थाळी पुसायला घेतली.

“डेप्युटी लिहायला तयार नव्हता. म्हणाला, दोऱ्याचं काय लिहायचं? मी म्हटलं लिही, नाहीतर कॉफी मिळायची नाही. लिहिलं मग. तेव्हाच मनात आलं, ते पोर कधीतरी मोठं होणार, ट्वायला. मोठं झालं की बापाला विचारत येणार. त्या वेळी इथं काहीतरी असायला हवं ना?”

“पण दरसाल का? दहा वर्षांतून एकदा आलं तरी भागलं असतं.”

“दहा वर्षांची हमी मी कुठून देऊ?” त्या म्हणाल्या. “एका वर्षाची देता येते.”

लीफ गेला. मग आर्डिसबाई बर्फावर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि गावातल्या वृद्धाश्रमात आल्या. त्या मे महिन्यात त्यांचा अर्ज टपालानं आला, अक्षर थरथरलेलं, आणि तळाशी प्रश्न: कुणी विचारलं का? मी फाईल काढली, नोंद केली आणि उत्तरात लिहिलं, ‘तुम्हीच.’ तो एक शब्द लिहिणं मला फार जड गेलं.

सप्टेंबरात एक जाडसर पाकीट आलं. नदीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या कुणा व्हर्ना पेटिटचं. कारण द्यायची गरज नसताना तिनं दोन पानं भरून कारण दिलं होतं. बाप मेंढ्यांची लोकर कातरणारा. एका हिवाळ्यात कामाला म्हणून निघाला तो परत आला नाही. आई मरेपर्यंत म्हणत राहिली की तो दुसरीबरोबर पळाला. आई गेल्यावर व्हर्नानं नदीकाठच्या प्रत्येक काउंटीच्या शेरीफला पत्र टाकायला सुरुवात केली, उगमाकडून खाली. बहुतेकांनी कळवलं होतं की इतके जुने कागद आम्ही ठेवत नाही. शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘असं कुणी सापडलं असेल तर कपड्यांचं काही लिहिलंय का? सदरा निळा होता. निघायच्या आदल्या दिवशी बटणं मी लावली होती. घरात हिरवाच दोरा उरला होता.’

मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मर्लच्या हातात दिलं. तो वाचून नाक शिंकरत बाहेर गेला. थंडी फार पडलीय म्हणाला.

व्हर्ना आली. पन्नाशीच्या घरातली, शाळेची बस चालवणारी, दणकट हाताची बाई. त्याच टेबलाशी बसून तिनं फाईल वाचली. हिरव्या दोऱ्याच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं आणि ते तिथून उचललंच नाही. मग दुसऱ्या हातानं मागचे कागद उलटले.

“ह्या आर्डिस ब्रेकी कोण? माझ्या वडिलांच्या कोण लागत होत्या?”

“कुणी नाही.”

“कुणी नाही, आणि दर वर्षी?”

“दर वर्षी.”

तिनं माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि त्या सगळ्या सह्यांच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. पुढं समासात लिहिलं, ‘मुलगी’. कायद्यानं तिथं काही लिहायचं नसतं. मी तोंड उघडलं नाही.

दुपारी खिडकी बंद करून मी तिला वृद्धाश्रमात घेऊन गेले. आर्डिसबाई उजेडाकडं तोंड करून बसल्या होत्या, मांडीवर गोधडीचा तुकडा. मला बघताच म्हणाल्या, “कुणी विचारलं का?”

मी सह्यांचा तो कागदच त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. आपल्या सह्यांवरून नजर सावकाश खाली नेली, शेवटच्या ओळीवर थांबल्या, आणि मग दारात उभ्या असलेल्या बाईकडं पाहिलं.

“काय नाव होतं गं त्याचं?”

“होलिस,” व्हर्ना म्हणाली. “होलिस पेटिट.”

“होलिस,” बाईंनी म्हणून पाहिलं. त्यांनी हात पुढं केला. व्हर्ना खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली, तसा बाईंनी तिचा तो मोठा हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, शिवणाऱ्या बाईनं पाहावा तसा.

“टाके फार लांब घातलेस,” त्या म्हणाल्या.

“मी आठ वर्षांची होते.”

“असू दे. सबंध हिवाळा नदीत होता तो,” आर्डिसबाई म्हणाल्या, “पण एकही बटण सुटलं नव्हतं.”