डोंगलचं माहेर

त्या वर्षी मी कोल्हापुरात भाड्याची खोली शोधत होतो. घरमालक आधी गाव विचारायचे, मग आडनाव. आडनावावरून जात कळायची आणि खोली नेमकी कालच गेलेली असायची.

नोकरीचा अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस आला, आणि माझा जुना लिनक्स लॅपटॉप वायफायच्या नव्या यूएसबी डोंगलला ओळख दाखवेना. अर्जाची सगळी कागदपत्रं त्यातच अडकलेली, म्हणून लॅपटॉप घेऊन नेटकॅफे गाठला. तिथं शेजारी बसलेल्या माणसानं न विचारताच डोंगल उपटलं, शर्टाच्या टोकानं पुसलं, फुंकर मारली आणि परत खुपसलं.

"पावणं, डबीवरचं नाव सासरचं हाय," तो सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असं म्हणाला. "आतली चिप कुणाची त्ये बघाय पायजे. माहेर कळल्याबिगर ड्रायव्हर घावत न्हाय."

त्यानं एक कमांड मारून चिपचं कूळ काढलं. कॅफेच्या मशीनवर तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवला, स्वतःच्या पेनड्राइव्हनं माझ्या लॅपटॉपवर चढवला. डोंगलचा दिवा लागला, अर्ज गेला.

मग तो माझ्याकडं वळला. मी सवयीनं आडनाव तयार ठेवलं.

"पावणं," तो म्हणाला, "च्यात साखर चालती न्हवं?"