बंद नंबरावरून आलेला होकार

आमच्या रत्नागिरीत दर कोसावर एखादी चिंच, एखादा वड नाहीतर वहाळ असा असतोच, की जिथून तिन्हीसांजेला कुणी जात नाही. मी जायचे. मुद्दाम जायचे, आणि घरी येऊन सांगायचे की काही नाही तिथे, डास आहेत. पुढे पुण्यात बारा वर्षं कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळले. त्या धंद्यात एकच सत्य असतं — लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही. लॉगमध्ये नोंद नाही, म्हणजे ते घडलंच नाही.

आणि इथेच माझी पंचाईत आहे. कारण मी जे सांगणार आहे त्याची नोंद आहे…

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना. हापूसचा पल्प आणि कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काढलेला. फर्मचं नाव इथे देत नाही, पण आमचं आडनाव आणि पुढे ‘अँड सन्स’. आता गंमत बघा — अण्णांना सन एकही नाही. मी एकटी. फर्म रजिस्टर केली तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि अण्णांना खात्री होती की पुढे होईलच. झाला नाही. पाटी तशीच राहिली.

अण्णा कारखान्यात टेलिफोनशेजारी बसायचे. लँडलाइन. मोबाइल खिशात असायचा तो घड्याळ बघायला. रिंग वाजली की “बोला, कारखाना!” आणि समोरचा नवखा असेल तर पहिला प्रश्न ठरलेला — “कुठचं गाव तुमचं?” मग तिकडे पाऊसपाणी काय म्हणतं. कामाचं त्यानंतर. आईसक्रीमवाल्या मोठ्या कंपनीच्या मॅनेजरलासुद्धा त्यांनी आधी गाव सांगायला लावलं होतं.

त्यांचं बायपास झालं तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडून आले. तीन वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. कॅनिंगचं वेळापत्रक, एक्स्पोर्टची कागदपत्रं, सगळं मी बघत होते. पण फोनवर अण्णा काय सांगायचे? “बायला काय विचारू नका, मला विचारा.” बाय म्हणजे मी. नाव वैशाली, पण अण्णांच्या तोंडी जन्मभर बाय. मग रिसीव्हरवर हात ठेवून मलाच विचारायचे, “काय गो, कधीपर्यंत देऊ या माल?” मी म्हणायचे वीस तारीख. हात काढून रुबाबात, “वीस तारखेला माल पोचता. माझा शब्द!”

मला हसूही यायचं आणि चीडही. चीड जास्त ती दुसऱ्या वाक्याची. कुणीही विचारलं की पुढे कारखान्याचं काय, तर अण्णा म्हणायचे, “पुढे सुहास बघेल.” सुहासदादा माझा चुलतभाऊ, डोंबिवलीला असतो, कागदोपत्री आमचा पार्टनर. माणूस सोन्यासारखा. पण त्याला पल्प आणि आगळ यातला फरक चव घेतल्याशिवाय कळत नाही, हे तो स्वतःच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी गणपती गेल्यावर आठवड्याभरात अण्णा गेले. हॉस्पिटलमध्ये माझ्याशी शेवटचं बोलले ते — “सुहासला फोन केलास काय गो?” सांगायला लाज वाटते, पण मला रडू यायच्या आधी राग आला.

त्याच रागात मी महिन्याभरात लँडलाइन बंद केली. फोन यायचे ते सगळे “अण्णा आहेत का?” म्हणून, आणि नाहीत म्हटल्यावर “मग आता कोण बघतं?” मी बघते म्हटलं की पलीकडे जरा वेळ शांतता. कंटाळले मी. अर्ज दिला, ते करड्या रंगाचं यंत्र जमा केलं, पावती घेतली. विषय संपला…

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या युरोपातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. आमचा निम्म्याहून जास्त पल्प तो घेतो. त्यांच्या सिक्युरिटीवाल्यांनी नवा नियम काढला होता — एक एप्रिलपासून पुरवठादाराच्या मेल सर्व्हरवर असं सर्टिफिकेट हवं, ज्यावर कंपनीचं नाव पडताळून लिहिलेलं असेल. नसेल तर मेल परत. मेल परत म्हणजे ऑर्डर परत, आणि सीझन तर एप्रिलातच सुरू होतो.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात — फुकटचं सर्टिफिकेट मिळतं, माझ्या सर्व्हरवर तेच होतं, तीन-तीन महिन्यांनी आपोआप नवं व्हायचं. ते एवढंच सांगतं की या घराची किल्ली या माणसाकडे आहे. घर कुणाचं, ते सांगत नाही. दुसरा प्रकार विकतचा. त्यात देणारी कंपनी आधी बघते की अशी फर्म खरंच आहे का, आणि मागणाऱ्याला मागायचा अधिकार आहे का. मेलचं कुलूप दोन्हींत तितकंच मजबूत! हे मी गिऱ्हाइकाला दोन पानं लिहून कळवलं. उत्तर आलं एका ओळीचं — नियम म्हणजे नियम.

घेतलं दुसरं. सर्व्हरच्या सगळ्या नावांना चालेल असं वाइल्डकार्ड विक्रेता गळ्यात मारत होता, ते नको म्हटलं. एकच किल्ली गावभर कशाला फिरवायची? मेल आणि वेबमेल, दोन नावं पुरेत. कंपनीचं नाव रजिस्टरबरहुकूम लागतं, म्हणून ‘अँड सन्स’ माझ्याच हाताने टाइप केलं. पुढचा रकाना होता — अर्जदाराच्या अधिकाराला दुजोरा कोण देईल? तिथे मुकाट्याने सुहासदादाचं नाव घातलं.

इथे माझी चूक झाली. ही पडताळणी फोनवर होते, पण आपण दिलेल्या नंबरावर ते फोन करत नाहीत. उद्या कुणीही उठून तुमच्या फर्मच्या नावाने अर्ज करेल आणि मित्राचा नंबर देईल. म्हणून नंबर ते बाहेरून शोधतात, जाहीर यादीतून. आणि कारखानदारांच्या यादीत आमचा नंबर कोणता होता? अण्णांची लँडलाइन. मी फोन बंद केला, पण यादीतला नंबर बदलायचं राहूनच गेलं. बारा वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवणारी मी!

हे लक्षात आलं ते शिमग्यात, आमच्याकडे ग्रामदेवाची पालखी यायच्या आदल्या दिवशी. ओटा सारवून झाला होता, सुहासदादा मुलांना घेऊन आला होता, यादीवाल्यांचं ऑफिस बंद. म्हटलं, मेलेल्या नंबरावर फोन करतील, लागणार नाही, अर्ज परत येईल. मग नव्याने सगळं. एक एप्रिल गाठणं कठीणच. घास गोड लागत नव्हता, पण देव दारात येणार तर तोंड पाडून कसं बसायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आली. कारखान्याला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. सगळे कामगार आपापल्या वाडीत पालखी नाचवायला गेलेले. मी ओटी भरली, दादाने नारळ दिला. देवाला गाऱ्हाणं घालताना गावकरांनी सवयीने विचारलं, “घराकडचा पुरुष माणूस कोण? पुढं या.” दादा पुढे झाला. तेव्हा घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. वेळ लक्षात आहे, कारण मी मान वळवली, आणि भिंतीवर त्या घड्याळाशिवाय बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी कारखान्यात मोबाइलवर फोन आला. सर्टिफिकेटवाल्या कंपनीतली मुलगी. हिंदीत बोलत होती.

“मॅम, पडताळणी झालीय, फक्त एक शंका आहे. अर्जावर तुमचं नाव वैशाली. फोनवर सरांनी दुसरं नाव सांगितलं. ‘बाय’ म्हणजे तुम्हीच ना? तसा शेरा लिहावा लागतो.”

मी म्हटलं, “कुठल्या सरांनी?”

तिने नंबर वाचून दाखवला. शेवटचे चार आकडे यायच्या आधीच मी ओळखला — अण्णांची लँडलाइन.

“काल अकरा वाजून अठरा मिनिटांनी मी फोन केला होता. एका वयस्कर सरांनी घेतला. ‘बोलो, कारखाना’ म्हणाले. खूप गोड होते, मॅम. आधी माझंच गाव विचारलं, मग आमच्याकडे पाऊस कसा असतो ते विचारलं. मला हसायलाच आलं. रोज शंभर फोन करते, गाव कुणी विचारत नाही.”

“आणि… अधिकाराचं?”

“हो, ते मी लिहून घेतलंय. तुम्ही दिलेल्या नावाला, सुहासजींना द्या म्हटलं, तर म्हणाले त्याची गरज नाही. मी विचारलं, वैशालीजींना फर्मच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार आहे का? तर…” ती वाचत होती. “‘बाय देखती है सब. मेरे को मत पूछो, उसको पूछो.’”

ती दोनदा हॅलो हॅलो म्हणाली.

“मॅम? बाय तुम्हीच ना?”

“हो,” मी म्हटलं. “मीच.”

तासाभरात सर्टिफिकेट आलं.

मग माझ्यातली सर्व्हरवाली जागी झाली. तो नंबर मी मोबाइलवरून लावला — हा क्रमांक अस्तित्वात नाही. टेलिफोनच्या लाइनमनला बोलावलं. त्याने खांबावरची पेटी उघडून दाखवली. “मॅडम, ह्या नंबराची वायर कधीच तोडलीय. दुसऱ्या कुणाला दिलेला पण नाय. वाजणार कुठं?” वासंतीताई आमच्याकडची सगळ्यांत जुनी कामगार. तिला विचारलं, परवा इथे कुणी आलं होतं का. ती म्हणाली, “मी त पालखीत व्हते. आनि किल्ली तुमच्यापाशी. कोन येनार?” मग जिथे अण्णांचा टेलिफोन असायचा त्या टेबलाकडे बघत राहिली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

सुहासदादावर संशय घेऊन झाला. पण तो त्या वेळी माझ्यासमोर गाऱ्हाण्याला उभा होता. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “काका मला दर वेळी सांगायचे, बाय आहे म्हणून कारखाना उभा आहे. तुला कधी बोलले नाहीत?”

नाही बोलले.

त्या कंपनीत कॉल रेकॉर्ड होतात. लेखी मागणी केली तर कदाचित मिळेलही. मी मेल लिहून ठेवलीय, ड्राफ्टमध्ये आहे. पाठवली नाही. आवाज दुसऱ्याच कुणाचा निघाला तर? आणि नाही निघाला तर?

खुलासा माझ्याकडे नाही. चुकीचा नंबर लागला म्हणावं, तर त्या माणसाला बाय कशी माहीत? कुणी चेष्टा केली म्हणावं, तर तुटलेल्या वायरीवरून कशी केली? वर्षभर सगळे मार्ग तपासले, प्रत्येक मार्ग त्या पेटीपाशी येऊन संपतो. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

सर्टिफिकेट वर्षाचं असतं. पुन्हा शिमगा आलाय, गेल्या आठवड्यात नूतनीकरणाचा अर्ज भरला. दुजोरा देणाऱ्याच्या रकान्यात या वेळी सुहासदादाचं नाव नाही घातलं. यादीवाल्यांचंही पत्र आलं होतं, माहिती अद्ययावत करा म्हणून. पत्ता बदलला, ईमेल बदलला.

फोन नंबर मात्र तसाच ठेवलाय.